आटलेली घोंगडी

सोनपेठच्या बाजारात माझं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाऊज, शाळेचे गणवेश, फॉल-पिको, जे येईल ते. वीस वर्षं झाली. कापड दोन बोटांत धरलं की ते किती आटेल, रंग सोडेल का, हे मी सांगते, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगते. ही माझी खोडच आहे. घरातही कोणत्या कपड्याला कोणतं पाणी आणि कोणता साबण, हे मीच ठरवते. नवरा कृषी सेवा केंद्रात बसतो. औषधांचा वास लागलेले त्याचे शर्टसुद्धा मी सांगेन त्याच बादलीत पडतात. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या या शहाणपणाचा मोठा वाटा आहे.

माझी लेक तेव्हा नववीत होती. तिची एक मैत्रीण आहे, गोदावरीकडच्या एका गावातून एसटीनं शाळेत येणारी. पाचवीपासून दोघी एका बाकावर. कंपासपेटी, रिबिनी, डबा, कशाचं काय कोणाचं हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नसायचं. मैत्रिणीच्या घरी मेंढ्या आहेत. तिच्या वडिलांनी तीन मेंढ्या तिच्या म्हणून वेगळ्या काढून दिल्या होत्या. त्या तीन मेंढ्यांची लोकर तिनं दोन वर्षं साठवली आणि तिची घोंगडी विणून घेतली. काळी, काठाला बारीक पांढरी रेघ. पहिल्यांदा शाळेत आणली तेव्हा तिच्यापेक्षा माझीच लेक जास्त मिरवली, असं तिच्या बाईंनी मला सांगितलं होतं.

जानेवारीत शाळेचं गॅदरिंग होतं. नाटिकेत माझ्या लेकीला मेंढपाळाचं काम मिळालं, तेव्हा घोंगडी कुणाची घ्यायची हा प्रश्नच नव्हता. मैत्रिणीनं आदल्या दिवशी घडी करून आणून दिली. नाटिका छान झाली. नाटिकेनंतर मात्र पडद्यामागे मेंढपाळ, सरपंच आणि दोन पोलीस यांनी तीच घोंगडी खाली अंथरून मिरचीभजी खाल्ली. तेलाचा हा एवढा डाग पडला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. डाग काढून, सोमवारी तशीच घडी घालून परत द्यायची, असं लेकीनं ठरवलं आणि मला दुकानात फोन केला.

लग्नसराई होती. मी एका नवरीच्या ब्लाऊजचं माप घेत होते, ओठांत टाचण्या धरल्या होत्या. लेक म्हणाली, तेलाचा डाग आहे, निघत नाही. मी टाचण्यांतूनच सांगितलं, कडकडीत पाणी घे, धुण्याचा सोडा घाल आणि मशीनला लाव. डाग कशावर पडलाय, हे मी विचारलं नाही. नवरीच्या आईला मात्र फोन ठेवल्यावर ऐकवलं की मुलींना घरकामाचं वळण असं लावावं लागतं.

संध्याकाळी घरी आले तर दोरीवर काळं, जाड काहीतरी लटकत होतं. मला वाटलं शेजारणीचं पायपुसणं वाऱ्यानं उडून आलं. जवळ गेले तर काठाला बारीक पांढरी रेघ. दोन मुली डोक्यावरून पांघरतील अशी घोंगडी माझ्या कमरेएवढी उरली होती. जाड तर इतकी झाली होती की दोरीवरून काढून भिंतीला टेकवली, तर ती उभी राहिली. डाग मात्र साफ गेला होता.

लेक पायरीवर बसली होती, डोळे सुजलेले. मी आल्या आल्या तोंडाचा पट्टा सोडला. दुसऱ्याची वस्तू आहे, एवढी घोडी झालीस, लोकरीला कुणी कडकडीत पाणी घालतं का, आता ही भरून कोण देणार. तूच देणार. सहलीला जायचं नाही, नवा ड्रेस नाही, पै न् पै तुझ्याकडूनच वसूल करीन. असं बरंच. नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे एकच विचारलं, पण मशीनमध्ये कडकडीत पाणी घालायचं हिला सुचलं कुठून?

लेकीनं ओढणीनं नाक पुसलं. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि मला ओठांतल्या टाचण्या आठवल्या. तोंड उघडायची ती वेळ होती. मी आत गेले आणि भात टाकला.

जेवताना मी सूर बदलला. मुलंच ती, चुकायचीच, मी म्हणाले, लेकरांच्या चुका आईबापांनी निस्तरायच्या असतात, आपण पैसे देऊन टाकू. नवऱ्यानं माझ्याकडे असं बघितलं की वरणात मीठ जास्त झालंय की काय असं मला वाटलं. तासाभरापूर्वी मी पै न् पै वसूल करायला निघाले होते. त्याचं म्हणणं पडलं की निम्मं लेकीनं सोसावं, म्हणजे लक्षात राहील. आमची दोघांची जुंपली. कोणी किती द्यावं यावर आम्ही भाकरी गार होईपर्यंत भांडलो. शेवटी लेकच म्हणाली, "पैसे कुणी बी द्या. पैसे दिल्यावर ती माझ्याजवळ बसल का?"

मी ताटं उचलली.

सोमवारी तिनं शाळेत जाऊन मैत्रिणीला सगळं सांगितलं. मैत्रीण भांडली नाही, रडली नाही. दप्तर उचललं आणि खिडकीशेजारच्या बाकावर जाऊन बसली. आठवडाभर लेकीचा डबा भरलेला परत यायचा. मी तो गुपचूप रिकामा करून घासून ठेवायचे. तरी खरं काय ते मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. वीस वर्षांचा तोरा असा एका दिवसात उतरवून ठेवता येत नाही.

पुढच्या रविवारी पर्समध्ये पैसे घेऊन, पिशवीत ती घोंगडी घेऊन, लेकीला घेऊन मी एसटीत बसले. मैत्रिणीच्या दारात चिंचेचं झाड आहे, बाजूला काट्यांच्या कुंपणाचा वाडगा, त्यात मेंढ्या. तिची आई शेळीची धार काढून उठत होती. तिनं आम्हाला बाजेवर बसवलं, चहा ठेवला. मी पिशवीतून घोंगडी काढून पुढे ठेवली आणि मान खाली घातली.

तिच्या आईनं आधी ती बोटानं दाबून बघितली. मग तिची आई जी हसायला लागली ती पदर डोळ्यांना लावून हसली. वडील वाडग्यातून आले, त्यांनी ती घोंगडी उचलून उलटसुलट केली, डोक्यावर ठेवून बघितली. तेही हसले. मला इतकं हलकं वाटलं की मीसुद्धा हसायला तोंड उघडलं. तेवढ्यात माझं लक्ष खांबाला टेकून उभ्या असलेल्या मैत्रिणीकडे गेलं. तिचे डोळे भरले होते.

"दोन वर्षं लागली मला," ती म्हणाली.

मी घाईघाईनं पर्स उघडली. तिच्या वडिलांनी हातानंच मला थांबवलं. "न्हाई ताई, आमाला देऊ नका. वस्तू तिची हाय. तिला विचारा."

मैत्रीण पैशांकडे बघतच नव्हती. तिनं माझ्या लेकीला विचारलं, "गरम पाणी काऊन घातलंस? नदीला गार पाण्यात धुतेत म्हून सांगितलं होतं की मी."

लेक पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभी राहिली. तिला उत्तर माहीत होतं. आठवडाभर ते उत्तर तिनं पोटात ठेवलं होतं, आणि मी ते ठेवू दिलं होतं. मला माझीच लाज वाटली, इतकी की कान गरम झाले.

"तिला मी सांगितलं," मी म्हणाले. "फोनवर. कापड कोणतं ते विचारलं नाही. चूक माझी आहे, आणि घरी बोलणी तिनं खाल्ली."

लेकीनं चटकन माझ्याकडे बघितलं. मैत्रीणही माझ्याकडे बघत होती. तिनं अगदी सरळपणे विचारलं, "पण काकू, तुमाला तर कापडातलं सगळं कळतं ना?"

तिच्या आईनं तोंडावर पदर घेतला. मी म्हणाले, मलाही तसंच वाटत होतं.

मग मैत्रिणीनं निकाल दिला. पंधरा दिवसांनी मेंढ्या कातरायच्या होत्या. त्या दिवशी आम्ही दोघींनी यायचं. तिची आई म्हणाली, अगं, काकूला काऊन बोलवायलीस, त्यांचं दुकान असतंय. मैत्रिणीनं मान हलवली. "दोघींनी केलंय, तर दोघी येतील." वडील म्हणाले, या खेपेला लोकर सगळ्या कळपाची धरू, म्हणजे दोन वर्षं थांबायला नको. विणणावळ आमच्याकडे लागली. घरी आल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, तू भात टाकायला गेलीस तेव्हाच. या माणसाचा मला कधीकधी फार राग येतो.

कातरणीच्या दिवशी मी माझी चांगली कात्री बरोबर नेली. तोरा तेवढा अजून शिल्लक होता. मेंढ्या आदल्या दिवशी नदीत धुवून काढल्या होत्या. मैत्रिणीच्या वडिलांनी माझी कात्री बघितली, बाजूला ठेवली आणि आपली मोठी लोखंडी कातर माझ्या हातात दिली. पाय बांधून आडवी केलेली एक मेंढी माझ्यापुढे आणली. ब्लाऊजचं कापड मेजावर गप पडून असतं. मेंढी श्वास घेते, शिंकते, आणि ऐन वळणावर अंग झाडते. मैत्रिणीचे वडील एका मेंढीची लोकर अख्ख्या चादरीसारखी सलग उतरवत होते, माझ्या हातून पुंजकेच पुंजके निघत होते. तेवढ्या वेळात त्यांच्या सहा झाल्या, माझी एक. सोडली तेव्हा तिच्या पाठीवर पायऱ्या पडल्या होत्या, एका कुशीला झालर लोंबत होती आणि शेपटीपाशी गोंडा राहिला होता. ती कळपात गेली तर बाकीच्या मेंढ्या बाजूला सरकल्या.

मैत्रीण वडिलांसाठी दुसऱ्या मेंढीचे पाय धरायला माझ्या लेकीबरोबर बसली होती. तिनं मी कातरलेल्या मेंढीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि ती फुटलीच. लेकीला आधी हसावं की नाही कळेना, मग तिलाही आवरेना. हसता हसता दोघींच्या हातातली मेंढी सुटली आणि लेकीला शेणात पाडून पळाली. मैत्रिणीनं हात देऊन तिला उठवलं. माझी मान आखडली होती, हातांना फोड आले होते, अंगाला मेंढीचा वास येत होता, आणि मी इतकी खूश होते की मी आणखी एक मेंढी मागितली. ती मला कुणी दिली नाही.

पुढचे कितीतरी रविवार लेक त्या गावी जाऊन लोकरीतले काटे आणि गोखरू वेचत बसली. तिथून आली की दुकानात माझ्याकडे तुरपाई करायची, विणणावळीतला तिचा निम्मा वाटा फेडायला. निम्मा माझा. सूत मैत्रिणीच्या आईनं कातलं. विणायला गंगाखेडकडच्या एका विणकराला दिलं. आटलेल्या घोंगडीचं काय करायचं तेही मैत्रिणीनंच सांगितलं. आई गेलेलं एक कोकरू होतं, थंडीनं कुडकुडायचं. मी घोंगडी कापून त्याला अंगरखा शिवला, पोटाखाली हूक आणि कडेला नवरीच्या ब्लाऊजची उरलेली सोनेरी पायपिंग. ते कोकरू बाकीच्यांच्या पुढे पुढे चालायचं, असं म्हणतात.

कातरणीनंतरच्या सोमवारी मैत्रीण पुन्हा लेकीच्या बाकावर येऊन बसली. डबा रिकामा यायला लागला. पण एक गोष्ट मला दिसत होती. आधीसारखी एकीची वस्तू दुसरीकडे जात नव्हती. लेक साधा खोडरबरही मागत नव्हती, आणि मैत्रीण आपणहून देत नव्हती. मी एकदा विचारलं, तर लेक म्हणाली, मागायला भ्या वाटतं. आणि तिनं न्हाई म्हणलं तर त्याचं जास्त भ्या वाटतं. नवी घोंगडी दिवाळीच्या आधी तयार झाली. ती बघायला आम्ही गेलो. लेकीनं हात लावला नाही, लांबूनच छान आहे म्हणाली.

मग पुन्हा गॅदरिंग जवळ आलं. मुली आता दहावीत होत्या, पण नाटिका म्हटल्यावर दोघी होत्याच. एक दिवस शाळा सुटल्यावर मैत्रीण एकटीच दुकानात आली. कपड्यांच्या आतून शिवतात ती पांढरी फीत वीतभर द्या आणि शाईचा पेन द्या म्हणाली. कोपऱ्यात पाठ करून बसली, काहीतरी लिहिलं, सुईदोरा मागितला, थोड्या वेळानं गेली. मी गिऱ्हाईकात होते.

गॅदरिंगच्या आदल्या दिवशी लेक घरी आली ती दोन्ही हातांवर घडी केलेली नवी घोंगडी घेऊन. चपलाही न काढता दारातच उभी राहिली. "मी मागितली न्हाई आई," ती म्हणाली. "तिनंच दिली."

मी घडी उलगडली. काठाच्या आतल्या बाजूला, दुकानातल्या कपड्यांना असते तशी, पांढरी फीत शिवलेली होती. टाके वाकडे होते. त्यावर शाईनं लिहिलं होतं: गार पाण्यात धुवावी. काकूंना विचारू नये.

नवऱ्यानं ते मोठ्यानं वाचलं, दोनदा. मी हसत होते आणि डोळे पुसत होते. लेक घोंगडी पांघरून घरभर फिरत होती.