ऑस्ट्रेलियातल्या लेकीची ओटी

ऑस्ट्रेलियाशी आमच्या घराण्याचं काही वैर नाही. पण आमचा कापूस त्यांनी जाळला, हे खरं आहे.

त्या वर्षी कापसाला भावच नव्हता. दिग्रसचे व्यापारी आमचा कापूस हातात घेऊन असं तोंड करायचे, जणू आम्ही घरातला केर दाखवायला आणलाय! म्हणून दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, भाव चढेपर्यंत सगळा कापूस घरातच भरला. बैठक गेली, माजघर गेलं. आम्ही कापसावर झोपायचो आणि दिवसभर खाजवायचो. (साठवलेल्या कापसाची खाज ज्यानं सोसली त्यालाच ठाऊक!)

मी पुसदला कॉम्प्युटर शिकून आलेलो. एका बड्या परदेशी ऑनलाइन दुकानाची सगळी पद्धत वाचून काढली होती. म्हटलं, हीच उलटी फिरवायची. ते आपल्याला माल पाठवतात, आपण त्यांना पाठवू!

"दादा, कापूस इकाचा नाई, वाती इकाच्या! परदेशात आपल्या लोकायले दिव्याले वाती भेटत नाईत."

दादा पाठ खाजवत म्हणाला, "होळीपर्यंत पाह्यतो. एक जरी गिऱ्हाईक खूश झालं, तं तुह्या वाट्याचा कापूस तुह्या धंद्याले. नाई तं सारा गाडीत भरून दिग्रसले!"

झालं! मी ऑनलाइन दुकान मांडलं. माय आणि माझी बायको सुनंदा वाती वळायला बसल्या, आणि मी व्याख्यान द्यायला.

"माय, तिकडे दुकानदार मालासंग काहीतरी फुकट देते. आपलेपणा वाटला पाह्यजे! गिऱ्हाईक म्हंजे घरचं मानूस!"

माय फार लक्ष देऊन मान हलवत होती. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पहिली ऑर्डर आली थेट ऑस्ट्रेलियातून! वैशाली नावाची, नुकतंच लग्न झालेली मुलगी, माहेर बोरी अरब.

"अगं माय, माह्या माहेरची पोरगी!" माय हरखली. "तू कागदं पाह्य, खोकं मी बांधतो." मी कागदावर ऐटीत लिहिलं : फक्त कापसाच्या वाती.

काही दिवसांनी तिकडच्या सरकारचा ईमेल आला. खोक्यात न कळवलेले तांदूळ, हळकुंडं, सुपाऱ्या आणि शेंडी असलेली एक गोल वस्तू सापडली. नियमाप्रमाणे सगळं जाळून टाकलं आहे!

"माय! खोक्यात काय भरलं होतं वं?"

"ओटी."

"ओटी?!"

"मंग! नवी नवरी, माहेरची लेक. तिले रिकामं धाडू का? तूच म्हने, घरचं मानूस!"

"अवं, पन खोक्यात कोन ओटी भरते?"

"तिचा पदर काई इथलोक पोचत नाई बाप्पा!"

"सारं जाळलं तेईनं! वाती बी!"

माय म्हणाली, "वाती तं जाळाच्याच होत्या नं?"

होळी तोंडावर आली होती. दादा गाडी भरायला लागला. धंदा बुडाला, तोंड दाखवायला जागा उरली नाही. तेवढ्यात वैशालीचा फोन! मी माफी मागायला तोंड उघडलं, तर पलीकडून रडण्याचा आवाज.

"भाऊ, सरकारनं काय काय जाळलं ते मले कळवलं. ओटी कोनं भरली होती? इकडे आल्यापासून माही कोनीच भरली नाई."

मायनं फोन हिसकावला आणि दोघी बोरी अरबच्या गल्ल्यांमधून जी निघाल्या, त्या परत यायला तयारच होईनात!

संध्याकाळी आमच्या दुकानाला पहिला अभिप्राय आला. पाच तारे, आणि खाली : "माल मिळाला नाही. फार आवडला."

दादा शब्दाचा पक्का. माझ्या वाट्याचा कापूस त्यानं गाडीतून उतरवून माझ्या खोलीत रचला आणि बाकीचा दिग्रसला नेला. पण तो अभिप्राय वाचून ऑर्डर देण्याची दुसऱ्या कोणाची हिंमतच झाली नाही!

माय मात्र घरात उरलेल्या वातींतली एक रोज देवापुढे लावते आणि आल्यागेल्याला सांगते, "आमच्या इलासचा धंदा चालू हाये बरं का! रोज एक वात खपते."

आणि मालक? मालक आतल्या खोलीत खाजवत बसलेला असतो.