बाबांचं बेट

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाई साळसूदपणाचा आव आणतेय. वालीवच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात मी अठ्ठावीस वर्षं डिस्पॅचला होते. बादल्या, टब, मग असला माल ट्रकमध्ये चढवायचा, आणि दिवसभर ड्रायव्हरांशी डोकं फोडायचं. माझ्या कपाटाच्या दाराला आतून एक चित्र चिकटवलेलं होतं. जुन्या कॅलेंडरचं पान. निळं पाणी, पांढरी वाळू, चार माड आणि माडांखाली एक रिकामी आरामखुर्ची. खाली लिहिलं होतं, लक्षद्वीप. डबा काढायला कपाट उघडलं की ती खुर्ची दिसायची, आणि मी मनातल्या मनात तिच्यात जाऊन बसायचे. लग्न केलं नाही, कुठे फिरले नाही. गोव्याला एकदा फेस्ताला गेले, तेही चर्चच्या बसनं आणि वाटभर उलट्या करत.

दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. चार शब्द तेवढे राहिले: हो, आण, जाऊ आणि बेट. बाबांनी जन्मभर निर्मळला केळीची वाडी केली. बोलायचे कमीच, पण चार शब्दांत भागेल इतकं कमी नाही. भाऊ जूचंद्रला फ्लॅटमध्ये राहतो, त्याची बायको नोकरी करते, मुलं शाळेत. म्हणजे उरले मीच. नोकरी सोडली आणि घरी आले. कपाट रिकामं करताना ते चित्र तेवढं सोलून आणलं.

बाबांना आम्ही पुढच्या खोलीत ठेवलं होतं, रस्त्याच्या बाजूला. सकाळी चहा झाला की ते डावा हात उचलून मागच्या दाराकडे दाखवायचे आणि म्हणायचे, "बेट." मग थोडं थांबून, "जाऊ." मागचं दार पश्चिमेला. तिकडे समुद्र. मला दोन दिवसांत उलगडा झाला. बाबांना बेटावर जायचंय. आयुष्यभर मातीत राबलेल्या माणसाला शेवटी चार दिवस समुद्राकाठी निवांत पडून राहावंसं वाटणारच की. मी ते चित्र आणून त्यांच्यापुढे धरलं. "इथं जायचं, बाबा?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आनंदानं.

खरं सांगते, मला फार बरं वाटलं होतं. बाबा आजारी, आणि मी खूश.

मग मी हट्टालाच पेटले. लक्षद्वीपला असंच उठून जाता येत नाही, परवाना लागतो. परवान्यासाठी पोलिसांचा दाखला लागतो, की या माणसावर कुठला गुन्हा नाही. ज्यांना स्वतःच्या अंगावरची माशी हाकता येत नव्हती, त्यांच्यासाठी मी पोलीस ठाण्यात चार फेऱ्या मारल्या. घडी होणारी व्हीलचेअर घेतली. डॉक्टर म्हणाले, "प्रवास झेपणार नाही." मी म्हटलं, "घरात पडून राहणं झेपतंय का?" त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. बाबांना गवती टोपी घेतली, मला एक फुलाफुलांचा झगा घेतला, असला झगा मी बापजन्मी घातला नव्हता. रोज संध्याकाळी बाबांजवळ बसून सांगायचे: कोचीपर्यंत गाडीनं, तिथून जहाजानं, मग छोट्या होडीतून किनाऱ्यावर. ते मान हलवायचे, नाही, नाही. "बेट," म्हणायचे. मी म्हणायचे, "हो हो, बेटावरच. धीर धरा जरा."

रविवारी मिस्सा झाल्यावर भाऊ यायचा. तो म्हणाला, "ताई, तुला वेडबिड लागलंय का? बाबांना बेटच बघायचं असेल तर अर्नाळ्याच्या किल्ल्यावर ने. घटकाभरात जाऊन येशील."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. चार दिवसांच्या सुट्टीची बात काढली की या घरात कुणाला तरी अर्नाळा आठवतोच. पण मग वाटलं, होडीत चढण्या-उतरण्याची रंगीत तालीम तरी होईल. एका सकाळी रिक्षा केली. अर्नाळ्याच्या बंदरावर दोघा कोळ्यांनी बाबांना खुर्चीसकट उचललं आणि गुडघाभर पाण्यातून होडीत ठेवलं. मी त्यांना टोपी घातली. होडी निघाली, समोर किल्ला, माड, सगळं चित्रातल्यासारखं. बाबा उलट्या दिशेला मान वळवून मागे पडत चाललेल्या किनाऱ्याकडे बघत होते, आणि रडत होते. आवाज नाही, नुसती धार.

होडीवाला म्हणाला, "बाय, बाबांना पानी नाय बघायचा. त्यांना घरी न्या."

मी म्हटलं, "वारा लागतोय डोळ्यांना." इतकं बोलून मी किल्ल्याकडे तोंड करून बसले.

त्यानंतर आठवडाभरानं मावशी आल्या. आमच्या वाडीत तीस-पस्तीस वर्षं कामाला येणाऱ्या बाई. आता त्याही थकल्यात, दिसत नाही धड. बाबांच्या आजाराचं कानावर आलं म्हणून घेवड्याच्या शेंगा घेऊन आल्या होत्या. बाबांच्या पायाशी जमिनीवर बसल्या. बाबांनी नेहमीसारखा डावा हात उचलला. "बेट. जाऊ."

मी कौतुकानं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "बेटात जायचा, बाबा? राजेळीच्या? पिल्लं काढायला झाली असतील ना?"

बाबा म्हणाले, "हो." मग पुन्हा, "हो, हो." झटका आल्यापासून त्यांचा चेहरा असा सरळ झालेला मी पाहिला नव्हता.

बेट म्हणजे केळीचं बेट. एका गड्ड्यातून उठलेल्या सगळ्या केळी मिळून एक बेट. त्यात पिल्लं माजली की ती खणून काढायची, नाहीतर घड धरत नाही. लहानपणी दिवसातून दहादा ऐकलेला शब्द. बावखलाच्या काठाला राजेळीचं एक मोठं बेट होतं. बावखलाचं पाणी सगळ्या वाडीला पुरायचं. दुपारी बाबा त्या बेटाच्या गारव्याला बसायचे आणि आई तिथंच त्यांना चहा नेऊन द्यायची. तिथली राजेळी वाळवून ती सुकेळी करायची. आणि मी, त्याच वाडीत वाढलेली बाई, बाबांना कोचीहून जहाजात बसवायला निघाले होते. बेटावर आणि बेटात, एवढाच काय तो फरक. बाबांच्या तोंडातून प्रत्यय गेले होते, शब्द राहिला होता. आराम त्यांना नकोच होता. त्यांना कामाला जायचं होतं.

मी म्हणाले असते, चला, आत्ता नेते. पण नेणार कुठे? वाडी आम्ही झटक्याच्या चार वर्षं आधी विकली. भावानं गळ घातली, मीही म्हटलं, बाबा, आता तुमच्यानं होत नाही. त्यांनी सही केली. बावखलात बांधकामाचा राडारोडा टाकून ते बुजवलं, आणि जिथं राजेळी होती तिथं आता मागच्या इमारतीच्या गाड्या उभ्या असतात, खाली पेव्हर ब्लॉक. बावखल बुजवलं त्या दिवसापासून बाबांनी मागचं दार कधी उघडलं नाही. झटक्यानं त्यांच्या डोक्यातून नेमकं तेवढंच पुसून टाकलं होतं. त्यांच्या लेखी वाडी दाराबाहेर उभी होती, पिल्लं माजत होती, आणि मुलगी त्यांना तिथं जाऊ देत नव्हती. वर निळ्या पाण्याचं चित्र दाखवत होती.

मावशी गेल्यावर मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. "बेट नाही राहिलं, बाबा. वाडी विकली आपण. सही तुम्हीच केलीत." आधी त्यांना खरं वाटेना. मग मी खुर्ची ढकलत नेली आणि मागचं दार उघडलं. ते त्या गाड्यांकडे बघत राहिले. मग छाती फुटावी तसे रडले. आई गेली तेव्हाही असे रडले नव्हते. रात्री जेवले नाहीत. मी त्यांचा हात धरून रोझरी म्हटली, त्यांनी हात काढून घेतला.

सकाळी चहा झाला. बाबांनी डावा हात उचलला, मागच्या दाराकडे दाखवलं. "बेट," म्हणाले. "जाऊ."

काहीच राहिलं नव्हतं त्यांच्या डोक्यात. आदल्या दिवसाचा मागमूस नाही. रोज नव्यानं सांगायचं तर रोज नव्यानं त्यांची वाडी मारायची, आणि ते माझ्यानं झालं नाही. मी आत गेले, चित्र आणलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

याला आता वर्ष होत आलं. परवाना आला होता, त्याची मुदतही संपली. झगा घडी न मोडता पडून आहे. तरी रोज सकाळी मी चित्र काढते आणि सांगते, आधी कोची, मग जहाज, मग छोटी होडी. पहिल्यांदा मला खरंच कळलं नव्हतं. आता न कळल्याचं सोंग करते. बाबा मान हलवतात, नाही, नाही, आणि माझ्याकडे असं बघतात, जणू पोटच्या पोरीला आपली भाषा कळेनाशी झाली. मग त्यांनाच माझी कीव येते. डाव्या हातानं माझा हात थोपटतात आणि चित्रातल्या खुर्चीकडे बघून म्हणतात, "जाऊ."