वन्संच्या दाराबाहेरचं सूप

माझ्या थोरल्या नणंदबाई, शालनवन्सं, गेल्या त्या दुपारी मी त्यांच्या दाराबाहेर तांदूळ पाखडत बसले होते. सुपाचा आवाज थांबला की त्या जाग्या व्हायच्या. त्या दिवशी सूप खाली ठेवलं, पदराने तोंड पुसलं, वाट बघितली... आतून हाक आली नाही. मला तिथंच कळलं.

वन्सं नर्स होत्या. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी, त्यांची ड्युटी महाडला. नवरा लवकर वारला म्हणून त्या माहेरीच राहिल्या. माझे मालक मुंबईला, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. करोनात त्यांना त्याच पेशंटांच्या वॉर्डात घातलं. रात्रपाळी करून सकाळी यायच्या, मागीलदारी अंघोळ करायच्या आणि पडवीच्या खोलीत दार लावून घ्यायच्या. ताट मी उंबऱ्यावर ठेवून मागे सरायची. शेजारच्या कांताकाकू त्यांना बघून दार ओढून घ्यायच्या, वर मोठ्याने म्हणायच्या, "आली बाय, घेऊन आली!" वन्सं मास्कमधूनच हसायच्या. "काकू, तुमाला द्यायचं ऱ्हायलंच की!"

पण दाराआड झोप नव्हती. दुपार कलली तरी खाट करकरत असायची. डोळे खोल गेले. एकदा म्हणाल्या, "याड नाय लागलं गो सुमन, नुसती झोप नाय." डॉक्टरांनी गोळी दिली होती, ती घेतली की ड्युटीवर हात जड होतात म्हणायच्या, आणि त्याच हातांवर दुसऱ्याचा जीव. एका दुपारी, नुसतं कसं बसायचं म्हणून, मी त्यांच्या दाराबाहेर सूप घेऊन तांदूळ पाखडू लागले. थोड्या वेळाने खाट गप्प झाली. मग घोरणं ऐकू आलं.

संध्याकाळी दाराआडूनच म्हणाल्या, "शांत झालं की मी दचकून उठते गो. तिथं पेशंटची घरघर चालू असली की बरं वाटतं. ती थांबली की..."

मग रोजचंच झालं. तांदूळ स्वच्छ झाले की मी कोंडा परत त्यात मिसळायची. कांताकाकू अंगणातून ओरडायच्या, "अगो, त्या तांदळाची पार कनी केलीस! लगीन हाय काय कुनाचं?" शेवटी त्यांना खरं सांगितलं. पुढे मला ताप आला, मी अंथरुणात, तर दुपारी बाहेरून सुपाचा आवाज. काकू आमच्या अंगणात लांब बसून पाखडत होत्या, तोंडाला पदर बांधून.

साथ गेली, मास्क गेले, पुढे वन्सं रिटायर झाल्या. दुपारची झोप मात्र सुपाशीच बांधलेली राहिली. त्या गेल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय बंद पडलं. म्हणजे सूप चालू असताना. एवढ्यावरच मी मनाची समजूत घालते.

पडवीतली खाट रिकामी आहे. दुपारी भांडी आवरली की मी अजून सूप घेऊन त्या दाराशी बसते. वन्सं होत्या तेव्हा त्यांना एकदम जाग येऊ नये म्हणून मी शेवटी पाखडणं सोडून तांदूळ नुसते घोळायची, हळूहळू, आवाज विरून जाईपर्यंत... त्या दुपारीही घोळले होते. अजूनही घोळते. एकदम थांबायला हात धजत नाही.