गालिच्यावरची ताडपत्री

पाचगणीतली आमची मागची खोली एका मुलीनं शिवणकामासाठी भाड्यानं घेतली, तेव्हा मी सवयीनं बोलून गेले, "गालिचा तेवढा सांभाळ हं." दुसऱ्याच दिवशी तिनं त्यावर निळी ताडपत्री अंथरली आणि वर मशीन मांडलं.

शाळांचे गणवेश शिवताना ती सतत गुणगुणायची. सुई पडली की मात्र एकदम गप्प व्हायची. मग दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवायची, आणि सुई सापडेपर्यंत मशीनला हात लावायची नाही.

थंडीत ती ताडपत्री गारठून जायची. पायांत दोन-दोन मोजे चढवून ती मशीन चालवायची. "अगं, काढ की ती," मी म्हणायचे.

"ऱ्हाऊ द्या काकू. मशीनचं त्याल लय वंगाळ. डाग जात न्हाई."

तीन हिवाळे असेच गेले. खोली सोडताना तिनं ताडपत्रीची घडी घातली. खाली गालिचा नवाकोरा होता.

"बघून घ्या," ती म्हणाली. मग मोजे काढून तिनं एक पाऊल हळूच त्यावर टेकवलं. "आवं काकू, लय ऊब हाय की ह्याला!"

गालिचा थंडीसाठीच टाकला होता, हे मला काही तिला सांगवलं नाही.