ठेका न तोडणारी

माझ्या थोरल्या बहिणीविषयी जे छापून येते त्यात दोन चुका ठरलेल्या असतात. पहिली, ती परदेशी वादकांचे व्हिडिओ पाहून ड्रम शिकली. दुसरी, दोन गाण्यांच्या मध्ये ठेका न तोडण्याची तिची पद्धत, जी आज कितीतरी रॉक बँड उचलतात, तिला आपोआप सुचली. पहिली चूक एका वाक्यात दुरुस्त होते: पूर्ण ड्रमसेट तिने प्रथम पाहिला तेव्हा ती तेवीस वर्षांची होती आणि वाजवायला लागून तिला आठ वर्षे झाली होती. दुसरीला जास्त जागा लागेल.

आम्ही बदलापूरजवळच्या सोनिवलीचे. मामाची बेंजो पार्टी होती, अजून आहे. हळदीला आणि वरातीला वाजवणारी आठ माणसे. एकदा ऐन लग्नसराईत साइड ड्रम वाजवणारा तापाने पडला, तेव्हा मामाने तो ड्रम बहिणीच्या गळ्यात अडकवला. पहिल्या हळदीत बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्या मोसमाच्या शेवटी नवऱ्यांच्या आया सुपारी देतानाच विचारू लागल्या, "तुमची पोर येते ना?"

मामाची शिकवण एकच होती. "गाना बदलू दे, बेंजोवाला पानी पिऊ दे, पन बाय, तुझा हात थांबाचा नाय. हात थांबला तं नाचनारीचे पाय थांबतीन."

हळदीत गाणे संपत नाही. खालून ठेका चालू राहतो आणि त्याच्यावर पुढचे गाणे चढते. आमच्याकडे वाजवणे मध्येच बंद होते ते एकाच कारणाने, वाडीत कोणी गेले तर.

दिवसा ती उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसे. मालकाचा मुलगा वरच्या मजल्यावर दोन मित्रांबरोबर रॉक वाजवायचा. तो स्वतः बास गिटारवर. अंबरनाथ पश्चिमेचा एक गिटार वाजवून गायचा. तिसरा ड्रमवर. भिंतींना डेनिमचे गठ्ठे रचलेले असल्याने आवाज रस्त्यावर जात नसे. खाली मशीनवर मात्र सगळे ऐकू येई. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती वर गेली आणि म्हणाली, "तुमचा ड्रमवाला गाणं संपत आलं की ठेक्याच्या पुढे पळतो." ड्रमवाला समोरच बसला होता. मालकाचा मुलगा हसला तो बराच वेळ.

पुढे ड्रमवाल्याला पुण्यात नोकरी लागली. उल्हासनगरच्या एका सभागृहात चार बँडचा कार्यक्रम ठरला होता आणि त्याला महिना उरला होता. मालकाच्या मुलाने तिला वर बोलावले.

"दीदी, कभी बैठ के बजाया है?"

"बसून कोण वाजवतं?" ती म्हणाली, आणि बसली.

पायाने बास ड्रम वाजवणे तिला जड जाईल असे सगळ्यांना वाटले होते. पण मशीनच्या पेडलवर काढलेल्या वर्षांनी तिचा पाय घड्याळासारखा चालत होता. अडचण वेगळीच निघाली. गाणे संपले, दोघे थांबले, ती थांबली नाही. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा गिटारवाल्याने गिटार खाली ठेवली.

"ओ ताई, हळद चालू आहे का इथे? गाणं खतम झालं!"

"कळलं मला."

"मग हात का नाही थांबत?"

गिटारवाल्याने कल्याणचा एक शिकलेला वादक हेरून ठेवला होता. रविवारपर्यंत ही सवय सुटली तर ठीक, नाहीतर ड्रमवर कल्याणचा बसेल, असे त्याने सांगितले. तिला ती जागा हवी होती. तोवर तिने माझ्याजवळ कधी काही मागितले नव्हते. त्या आठवड्यात ती म्हणाली, "मला थांबायला शिकव." मी एका दैनिकात बातम्या तपासत होतो. थांबण्याबद्दल मला पूर्णविरामापलीकडे काही माहीत नव्हते.

म्हणून तिने सराव केला तो शनिवारी, एका हळदीत. नवरीला हळद लावणे चालू होते, अंगण नाचत होते. गाणे संपताच तिने दोन्ही काठ्या ड्रमवर आडव्या धरल्या. तिच्या भरवशावर वाजवणारे बाकीचेही थांबले. नाचणाऱ्या बायका हात वर धरून तशाच उभ्या. हळदीचा वाडगा घेतलेल्या काकूने तो खाली ठेवला. नवरीची आजी रडू लागली.

मामा धावत आला. "कोन गेला गो? कोन गेला?"

"कोणी नाही, मामा. मी थांबून बघत होते."

"थांबून? आगो, माझा जीव गेला असता ना! मंग खरोखरच थांबावा लागला असता!"

अंगण हसले, आजीला पाणी दिले आणि ठेका पुन्हा धरला गेला. परत येताना ती एवढेच म्हणाली, "थांबले की सगळे मरणाचाच विचार करतात."

रविवारी मी तिच्याबरोबर वर गेलो आणि गठ्ठ्यांवर बसलो. तिने स्टूल ओढले. "मी थांबणार नाही. तुम्ही दुसरं गाणं चालू करा."

"असं नसतं, ताई. लोक टाळ्या कधी वाजवणार?"

"नाचताना वाजवतील."

"यार, एक बार करके देखते हैं," मालकाचा मुलगा म्हणाला.

पहिले गाणे संपले. तिने खालचा ठेका तसाच ठेवून हळूहळू लय चढवली. बास तिच्या मागे गेला. गिटारवाला दोन फेऱ्या हात बांधून उभा होता. तिसऱ्या फेरीला त्याने दुसऱ्या गाण्याचा पहिला सूर लावला. चार गाणी सलग झाली. शेवटी मालकाचा मुलगा गठ्ठ्याला टेकून आपल्या सिंधीत म्हणाला, "वाह साईं, वाह." गिटारवाल्याने कल्याणच्या वादकाला फोन केला तो कार्यक्रम ऐकायला ये म्हणून.

कार्यक्रमात आधीच्या तिन्ही बँडच्या दोन गाण्यांमध्ये लोक चहाला उठत होते. आमच्या बँडच्या वेळी कोणाला उठायला फटच मिळाली नाही. तिसऱ्या गाण्यात गिटारची तार तुटली. गिटारवाला मंचाच्या कडेला गुडघ्यावर बसून नवी तार ओढत होता आणि तेवढा वेळ सभागृह तिच्या एकटीच्या हातात होते. तिने हळदीतला सगळ्यात वेगाचा ठेका काढला. मागच्या रांगेतून तिला ऐकायला आलेल्या सोनिवलीच्या बायका मधल्या वाटेत उतरून नाचू लागल्या, त्यांच्यामागे कॉलेजची पोरे. रखवालदार त्यांना बसवायला आला आणि तिथेच उभा राहून मान हलवू लागला. तार चढली, गिटारवाला उठला, तिच्याकडे पाहून त्याने मान झुकवली आणि बरोबर समेवर आत शिरला. असा गलका त्या सभागृहात मी त्याआधी ऐकला नव्हता.

जागा कोणाची हे पुन्हा कोणी विचारले नाही. दिवे लागल्यावर कल्याणचा वादक मंचावर आला. त्याने विचारले, एका लयीतून दुसरीत जाताना डावा हात नेमका कुठे बदलतो? बहिणीने त्याला स्टुलावर बसवले आणि काठ्या दिल्या. तो दोनदा अडखळला. तिसऱ्यांदा ठेका न तोडता पलीकडे पोचला, आणि लोक निघता निघता पुन्हा मागे वळले.