फुकटचा होकार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला का सांगते आहे, तेही नीट कळत नाही. पण आता छातीत मावत नाही, एवढं खरं.

रायपूरला तात्यापाऱ्यात माझं प्रवासाचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे काय, एक टेबल, तीन खुर्च्या आणि दाराशी पाटी: प्रवासाचा बेत आखून देण्याची फी आगाऊ. लोक विचारतात, "दीदी, सिर्फ बताने के पैसे?" मग माझं ठरलेलं भाषण सुरू होतं — डॉक्टर नाही का घेत? माझा वेळ, माझी माहिती, वाटेत अडलात तर धावपळ कोण करणार? सगळं खरं आहे. तरी बोलताना दर वेळी मी पाटीकडे बघायचं टाळते. कारण पाटी मी त्यासाठी लावलेली नाही.

पूर्वी मी फी घेत नसे. तिकीट-हॉटेल माझ्याकडून काढलं की कमिशन सुटायचं, त्यावर घर चालायचं. पण लोक तासन्‌तास बसायचे, चहा प्यायचे, सगळा बेत लिहून घ्यायचे आणि घरी जाऊन मोबाईलवर स्वतःच बुकिंग करायचे. गरज सरो, वैद्य मरो! मी हसून सोडून देते, असं लोकांना वाटायचं. कुठली सोडते! एकेक नाव मनात धरून ठेवायचे मी. कुजका स्वभाव म्हणा हवं तर.

शेवंतामावशी गुढियारीतल्या, माहेरच्या शेजारी. लहानपणी आई कामावर गेली की मी त्यांच्याच घरी जेवायचे. त्यांना आयुष्यात एकदा लुंबिनी पाहायची होती. बुद्ध जन्मले ती माती कपाळाला लावायची, बस, दुसरं काही मागणं नाही. त्यांचा मुलगा प्रशांत तीन संध्याकाळी माझ्यापुढे बसला. मी जीव ओतून बेत आखला — फेब्रुवारीअखेर, गोरखपूरपर्यंत थेट रेल्वे, पुढे जीप, मावशींच्या गुडघ्यांसाठी मध्ये एक मुक्काम. आठवड्याने तो खुशीत आला आणि मोबाईल पुढे केला. जानेवारीतली विमानाची तिकिटं, आधी दिल्ली, मग गोरखपूर. स्वतःच काढलेली. "सस्ते में मिल गईं, दीदी."

मी पाहिलं. एका नजरेत पाहिलं. दोन वेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं, मध्ये जेमतेम दोन तास, आणि दिल्लीचं जानेवारीतलं धुकं! पहिल्याला उशीर झाला तर दुसरं निघून जाणार, आणि दाद कुणी देणार नाही. एकच वाक्य बोलायचं होतं. मी मूग गिळून बसले. फुकटात किती सांगायचं? लागू दे एकदा ठेच, मग कळेल माझी किंमत — हो, अगदी ह्याच शब्दांत मनात आलं.

इथवर मी नुसती गप्प होते. खोटं बोलले नव्हते, असं स्वतःला समजावता आलं असतं. पण निघायच्या चार दिवस आधी मावशी आल्या. एकट्या, रिक्षाने, गुडघा दाबत.

"पोरी, प्रशांतले काय समजते? तू पाह्यलं ना सारं? तू हव म्हण, मंग मी निघतो."

आणि मी — मी काय म्हणाले?

"हव मावशी. सारं बराबर आहे. बिनघोर जा."

तेव्हाही सांगता आलं असतं. तारीख बदलता आली असती. पण मग आधी का बोलले नाही, तेही सांगावं लागलं असतं ना?

धुकं पडलंच. दुसरं विमान गेलं, पुढच्या दोन दिवसांत जागा नव्हती, विमानतळावरच मावशींना ताप भरला. दिल्लीहूनच परत आले दोघं. मी भेटायला गेले, तर अंथरुणातून मलाच म्हणाल्या, "तू काहून रडून राहिली? धुकं का तुह्या हातात होतं?" माझी समजूत काढत होत्या त्या! पावसाळ्याआधी गेल्या.

त्यानंतर पाटी लावली. ज्यानं पैसे दिले त्याच्याशी तरी मी खरं बोलेन, असं वाटलं. न देणाऱ्याच्या बाबतीत माझा माझ्यावरच भरवसा उरला नव्हता. हे कुठल्या भाषणात सांगू?

गेल्या महिन्यात प्रशांत आला. आईचा फोटो लुंबिनीला न्यायचा आहे म्हणाला. मी तोंड उघडायच्या आत त्यानं मोबाईलवरून फी पाठवूनसुद्धा दिली.

"पिछली बार आपकी बात मान लेता, दीदी, तो मम्मी देख लेती. गलती मेरी ही थी."

मी होकारार्थी मान डोलावली. आणि पावती फाडून त्याच्या हातात दिली.