काकांची गॅलरी

आमच्या मावशीचे यजमान जन्मात कधी कुठला खेळ खेळले नाहीत, आणि तरीही अख्ख्या रत्नागिरीत खेळापायी त्यांच्याइतका वेडा झालेला दुसरा माणूस नव्हता, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. हुतूतूचा दम त्यांना चार पावलं टिकत नसे आणि कुस्तीतला एक डाव दुसऱ्यापासून ओळखता येत नसे. आम्ही त्यांना काका म्हणत असू, म्हणून गावही काकाच म्हणे. काका उंचीने बेताचे, म्हणजे अगदीच बेताचे. पुढच्याच्या पाठीपलीकडे काय चाललंय ते आयुष्यभर दुसऱ्याकडून ऐकावं लागल्यामुळे असेल, पण जिथे म्हणून चार माणसं जमतात तिथे शेवटच्या माणसालाही दिसलंच पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. कीर्तनात बुवा उभे राहण्याआधी हे उभे राहत आणि श्रोत्यांना उंचीप्रमाणे बसवायला लागत. माझ्या स्वतःच्या लग्नात, अंतरपाट धरलेला असताना, यांनी मंगलाष्टकं थांबवून माझ्या मामेसासऱ्यांना पगडी उतरवायला लावली, कारण राजापूरहून आलेल्या बायकांना नवरी दिसत नव्हती. मामेसासरे पुढे वर्षभर माझ्याशी मोजकंच बोलले.

काकांचा सगळा जीव अडकला होता तो गावाबाहेरच्या पटांगणावरच्या लाकडी गॅलरीत. कुस्त्या आणि हुतूतूचे सामने बघायला मागच्या पिढीने ती पायऱ्या-पायऱ्यांची बांधली होती. कोकणातल्या पावसाने तिचं काय केलं असेल ते सांगायला नको. पावसाने सोडलं ते वाळवीने खाल्लं. दर दिवाळीनंतर काका सुताराला घेऊन जात, आणि दर वेळी सुतार कपाळाला हात लावी. "काका, ह्ये लाकूड नाय, भुसा हाय नुसता. खिळा मारू खय?" मग काका माझ्या घरी येत. मी कचेरीत कारकून, अक्षर बरं, त्यामुळे म्युनिसिपालटीला अर्ज लिहायचं काम माझ्याकडे. गॅलरी पाडून जांभ्या दगडाच्या पक्क्या पायऱ्या बांधून द्याव्यात, एवढीच मागणी. पण काका ती अशा काही थाटात सांगत की, गॅलरी म्हणजे कोणी अंथरुणाला खिळलेली सोज्वळ विधवा असावी असं मला लिहिताना वाटे. अर्ज जात आणि तिकडेच राहत.

एका वर्षी मात्र प्रकरण गळ्याशी आलं. म्युनिसिपालटीच्या कमिटीत एक सभासद लाकडाचा व्यापारी होता. त्याचं म्हणणं, मोडकी गॅलरी काढून टाकावी आणि पटांगण वखारीला भाड्याने द्यावं. लोकांच्या कराचा पैसा काय खेळ बघायला आहे? निर्णय घेण्याआधी अध्यक्ष स्वतः सभासदांना घेऊन पाहणीला येणार असं कळलं. पटांगण राहणार की जाणार ते त्या एका पाहणीवर ठरायचं होतं. काकांची दोन रात्री झोप उडाली.

आणि मग आम्ही जो गाढवपणा केला तो आमच्याशिवाय कोणी केला नसता. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण काय करतो? घर सारवतो. काकांनी पटांगणाची पुढची बाजू सारवून घेतली, फळ्यांच्या भेगा बुजवल्या, त्यांना तांबडी काव फासली, वर नव्या कोऱ्या चटया अंथरल्या आणि खांबांना आंब्याचे टहाळे बांधले. मावशीने कोकमाचं सरबत केलं. मीही बाह्या सरसावून काव फासत होतो आणि आपण कशासाठी अर्ज केलाय याचा आम्हां दोघांना साफ विसर पडला होता. शेवटी मावशीच म्हणाली, "अहो, ही आता पडकी दिसत्येय कुठे?" काका तिच्यावर उखडले. "मोठी माणसं यायची, त्यांना काय घाणीत उभं करू?"

व्हायचं तेच झालं. अध्यक्षांनी गॅलरीकडे पाहिलं, आमच्या अर्जाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "काका, ही तर आमच्या कचेरीपेक्षा बरी आहे!" लाकडाचा व्यापारी गालातल्या गालात हसला. तो पुढची दहा वर्षं गॅलरीवर पैसा न खर्चण्याची भाषा करू लागला, आणि पटांगणातून उत्पन्न नसेल तर वखार आहेच, हेही त्याने सांगून टाकलं. काकांचा चेहरा काळाठिक्कर पडला. तेवढ्यात अध्यक्षांना वाटलं, बसून तर पाहू. ते वर चढले आणि नेमक्या मधल्या फळीवर टेकू लागले.

त्या फळीत काय शिल्लक होतं ते काकांना ठाऊक होतं, मलाही होतं. खरं सांगतो, मी तोंड मिटून घेतलं. भारदस्त देहाचे अध्यक्ष एकदा का आदळले असते, की पायऱ्या पक्क्या झाल्याच म्हणून समजा. पण काका एवढ्या मोठ्याने ओरडले की सरबताचा पेला माझ्या हातून निसटला. "बसू नका रावसाहेब! मोडेल ती!" आणि धावत वर जाऊन त्यांनी चटई खेचली, फळीच्या कावेत बोट खुपसलं. बोट आरपार गेलं.

"मग हे सगळं नटवलंत कशाला?" अध्यक्ष रागाने लाल झाले.

"तुम्ही पहिल्यांदाच येत होता, म्हणून," काका खाली मान घालून म्हणाले.

लाकडाचा व्यापारी म्हणाला, "लोकांच्या विहिरी गाळाने भरल्यात, आणि यांना तमाशे हवेत."

काकांनी मान वर केली. "विहिरी उपसाच. मी येतो उपसायला. पण मिरकरवाड्याच्या बंदरावरचे खारवी, बाजारातले हमाल, आमच्या घरच्या बायका, संध्याकाळी एका जागी बसतील अशी दुसरी जागा गावात कुठली आहे, ती मला दाखवा. मग खुशाल वखार घाला."

अध्यक्ष सावकाश, एकेका फळीवर पाय जपून टाकत खाली उतरले, सरबत प्याले आणि म्हणाले, "तुमचे अर्ज मी वाचत होतो. एक अक्षर खरं वाटलं नव्हतं. आज वाटलं." पुढच्या सभेत गवंड्यांची मजुरी आणि जांभ्याचे निम्मे चिरे म्युनिसिपालटीने द्यायचं ठरलं. उरलेले चिरे घरोघरून आले. काका विहीर उपसायलाही खरंच गेले. गाळ थोडा काढला, बघ्यांना रांगेत उभं करण्यातच त्यांची दुपार गेली.

पायऱ्या झाल्या, पहिला सामना हुतूतूचा ठरला. सगळं गाव लोटलं. काका सगळ्यांत खालच्या पायरीपाशी, सामन्याकडे पाठ करून उभे होते. मी ओढून बसवायला गेलो तर हात झटकून म्हणाले, "थांब रे, बघू दे जरा." वरच्या पायरीवर एक म्हातारी कोळीण पाय पसरून बसली होती, तिच्या शेजारी चक्क एक वकील, आणि दोघं एकाच खेळाडूच्या नावाने ओरडत होती. काका त्यांच्याकडे बघून हसत होते, डोळे पुसत होते. सामना शेवटपर्यंत असाच गेला. घरी परतताना घाटीवर दम खायला ते थांबले.

"कोण जिंकलं रे?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. "बरं झालं," ते म्हणाले. दुसरा संघ जिंकला असता तरी ते हेच म्हणाले असते.

पुढच्या हंगामाला काका नव्हते. पायऱ्या आहेत, दरवर्षी भरतात. मी जातो, जागा मिळेल तिथे बसतो, आणि खेळ रंगात आला की कधीतरी माझीच मान मागे वळते. गर्दीतले चेहरे बघता बघता माझाही सामना बघायचा राहून जातो.